दोरीपलीकडचा चेंडू

सकाळची गड्ड्याची जत्रा म्हणजे रात्रभर जागून पेंगलेलं लग्नघर. पाळणे थांबलेले, भजीवाल्यांच्या कढया पालथ्या, भोंगे मुके. होम मैदानावरची धूळसुद्धा दवानं जड होऊन निमूट बसलेली. अशा वेळी महानंदा दुधाची लोटी हातात धरून, तंबूंच्या मधल्या वाटेनं सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला निघाली होती. ओठांवर नाव देवाचं होतं, पण मनात घोळत होतं ते आईचं, अव्वाचं, बोलणं. विचारल्याशिवाय सांगू नको, नंदा. कुणी विचारलं तरच...

तंबूची दोरी तिला दिसली नाही.

लोटी ठणठणत पुढं गेली, दूध मातीत गेलं आणि महानंदा गुडघ्यांवर आली.

"अक्का, लागलं का?" तंबूतून कुणीतरी धावत आलं.

"नाही लागलं," ती म्हणाली. मग तिला नेम आठवला. गड्डा उठेपर्यंत रोज उपाशीपोटी दर्शन, आणि तोवर तोंडातून खोटा शब्द काढायचा नाही. "म्हणजे... थोडं लागलं."

"थोडं का लई?"

"गुडघ्याला थोडं. लोटीला लई."

तो हसला. जवळ आला तेव्हा तिला दिसले ते त्याचे हात. लांब बोटं, एका नखाखाली काळं, मुठीत पेचकस. पेचकसाच्या लाकडी मुठीनं तो लोटीचा पोचा आतून हळूहळू ठोकून काढू लागला. "चूक आमची हाय. दोरीला मोठी चिंधी बांधाय पायजे हुती."

दोरीला चिंधी होती. चांगली हातभर, लालभडक. महानंदाला ती आत्ता, जवळून, दिसली. तिनं खाली मान घातली.

"दूध सांडलं," ती पुटपुटली. "आता देवाला काय नेऊ?"

"मैदान कुणाचं हाय? देवाचंच की. पोचलं समजा."

असं कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. देवाचं नाव घेऊन, आणि तरी हसत. तिनं लोटीकडं हात केला, तेवढ्यात तंबूच्या आतून आवाज आला. टक्... मग जरा थांबून, टक्... दूर कुठंतरी सुतार पक्षी झाडावर चोच मारतो तसा.

"ते काय आहे?"

"टीव्हीवरचा खेळ. बघता? सकाळी तिकीट न्हाई."

तो एकोणऐंशीचा गड्डा. सोलापुरात कुणाच्या घरी टीव्ही असला तरी त्यावर मुंग्यांशिवाय काही दिसत नव्हतं. तंबूवाल्या मल्लप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या ओळखीतल्या बोटीवरच्या माणसानं परदेशातून दोन यंत्रं आणून दिली होती. टीव्हीला जोडली, की पडद्यावर दोन काठ्या आणि एक चेंडू. एक कळ तुमच्या हातात, एक माझ्या, आणि चेंडू आपला इकडून तिकडं. मल्लप्पानं दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडले होते. तंबूच्या मध्यावर आडवी दोरी. बघणाऱ्यांनी दोरीपाशी थांबायचं. डावीकडं साधं यंत्र, उजवीकडं रंगीत. तंबूवर मोठी पाटी होती ती फक्त रंगीतची. आणि पेचकसवाला हा मल्लप्पाचा भाचा, सोमलिंग.

"माझं आन् मामाचं भांडण हाय," तो म्हणाला. "मामा म्हणतो रंगीतच झकास. मी म्हणतो साधं. गड्डा उठला की एकच ठेवायचं, दुसरं देऊन टाकायचं. जो येतो त्यो रंगीत शब्द ऐकूनच खूश. तुमी पाटी वाचली न्हाई. तुमीच सांगा. हितनं, दोरीपासनं बघा. कुठलं चित्र साफ हाय?"

महानंदा दोरीपाशी उभी राहिली. डावीकडं काळोखात पांढरं काहीतरी काजव्यासारखं सरकत होतं. उजवीकडं नुसतं हिरवं. शेवाळलेल्या विहिरीत डोकावल्यासारखं.

"चेंडू दिसतो का?"

हे म्हणजे विचारणंच झालं की...

"डावीकडच्यात दिसतो. उजवीकडच्यात..." तिनं लोटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "नाही दिसत."

आता तो म्हणेल, चष्मा लागलाय की तुम्हाला. आता म्हणेल.

सोमलिंगानं मांडीवर थाप मारली. "हेच मी मामाला कवापासनं सांगतोय. अवो, खोक्यावरच्या चित्रात हिरवं मैदान आन् लाल चेंडू. पण टीव्ही आपला काळा-पांढरा. लाल असू दे न्हाईतर हिरवं, ह्या काचंवर दोघांची राख एकच. वर मामानं मला हिरवा जिलेटीन कागद डकवायला लावला. एवढी माणसं बघून गेली, एकानं बी म्हटलं न्हाई की चेंडू दिसत न्हाई. तुमी पहिल्या." तो जरा थांबला. "तुमची नजर लई बारीक हाय, अक्का."

महानंदा देवळाच्या पायऱ्या चढली. रिकामी लोटी तिनं पिंडीसमोर ठेवली. मी खोटं बोलले नाही देवा, ती मनाशी म्हणाली. पण मग हे काय झालं?

*

तिची नजर बारीक नव्हती. समोरून येणारा माणूस तिला पावसात भिजलेल्या चित्रासारखा दिसायचा, कडा विरघळलेला. जवळचं सगळं लख्ख. म्हणून तर अव्वाला, सावित्रम्माला, इतकी वर्षं निभावून नेता आलं. बघायला येणारे सुईत दोरा ओवून दाखव म्हणायचे. महानंदा पहिल्या झटक्यात ओवायची. पोथी वाच म्हणायचे, घडाघडा वाचायची. लांबचं बघ असं कुणी म्हणतच नसे.

घात व्हायचा तो रस्त्यावर. अक्कलकोटचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाची काकू बाजारात समोरून आली, हसली, थांबली, आणि महानंदा तिच्या शेजारून सरळ निघून गेली. पोरगी गर्विष्ठ आहे, असा निरोप आला. सावित्रम्मा त्या दिवशी देवघरात बसून राहिली. चष्म्याचं नाव काढू देईना. "चष्म्याची पोरगी कोण पदरात घेतंय?" तिनंच मग गड्ड्यातलं रोजचं दर्शन सांगितलं. खोटं न बोलण्याचा नेम मात्र महानंदानं आपणहून जोडला. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. इतकं लपवल्यावर कुठंतरी काहीतरी धुतलेलं असावं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती तंबूला वळसा घालून जाणार होती. पण दोरीला आता चिंधीच्या जागी धोतराचा अख्खा पांढरा तुकडा बांधलेला होता. तो तिला लांबूनही दिसला. आणि एवढं कुणी आपल्यासाठी केल्यावर वळसा कसा घालायचा...

तंबूत त्या दिवशी मल्लप्पाही होता. भरघोस मिशांचा, सदऱ्याच्या खिशाला पेन लावलेला.

"ह्याच का त्या?" त्यानं महानंदाकडं अपराध्याकडं बघावं तसं बघितलं. "बाई, नीट बघा. काल हिरवा कागद हुता. आज निळा लावलाय. आता दिसतो का?"

"नाही दिसत, काका."

"जरा डोळं मोठं करून?"

"मामा, बाईंचे डोळे आणखी मोठे कुठनं हुतील?" सोमलिंग म्हणाला, आणि महानंदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मल्लप्पा धुसफुसत बाहेर गेला. पण दुपारपर्यंत त्यानंच ही गोष्ट आख्ख्या गड्ड्यात केली. सिद्धलिंगप्पा भांडीवाल्याची पोरगी अशी तेज नजरेची, की परदेशी यंत्रातली खोट तिनं दोरीपलीकडून काढली. आणि ती ऐकून तिचे आप्पा घरी जेवताना इतके हसले, की त्यांना ठसका लागला. सावित्रम्मा हसली नाही. तिनं फक्त महानंदाकडं बघितलं. त्या नजरेत भीतीही होती आणि, काय सांगावं, थोडी आशाही.

*

संक्रांत झाली. होम झाला. नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवल्या, आभाळात दारूकामाची फुलं उमलली. महानंदाला ती फुलं बाकीच्यांपेक्षा मोठी दिसली. प्रत्येक ठिणगीचा गोळा होऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तंबूत शिरली, तेव्हा सोमलिंग मधल्या खांबाला टेकून उभा होता. पांढरी बाराबंदी, डोक्याला पांढरा फेटा. मिरवणुकीतला वेष अजून उतरवलेला दिसत नव्हता. तो काही बोलला नाही. त्या शांततेनं तिला कधी नव्हे तो धीर आला.

"परवा तुम्ही नंदीध्वज धरला होता ना," ती दारातूनच म्हणाली. "मी संमती कट्ट्याजवळ उभी होते. पांढऱ्यात सगळे सारखेच... मी तुम्हाला शोधत होते. सापडला नाहीत." ती थांबली. तो अजून गप्पच. "नंतर घरी गेले, तर जेवण गेलं नाही. असं का व्हावं म्हणते मी..."

तिनं लोटी या हातातून त्या हातात घेतली.

"रागावलात का?"

"न्हाई. कशाला रागावू?"

आवाज पाठीमागून आला.

महानंदा वळली. सोमलिंग दारात उभा होता, हातात चहाचा ग्लास. अंगात रोजचा खाकी सदरा. तो तिच्या शेजारून पुढं गेला, खांबाला लटकवलेली बाराबंदी खाली काढली, वरच्या खुंटीवरचा फेटा काढला, आणि दोन्हीची नीट घडी घालत म्हणाला, "वाळत घातली हुती."

एवढंच. हसला नाही, काही विचारलं नाही. महानंदाच्या छातीत टक् टक् चाललं होतं, यंत्रातल्यापेक्षा मोठ्यानं. त्याला कळलं असेल का? ऐकलं तर नक्कीच. पण कळलं असेल का?

"तुमचा नेम हाय म्हणून तुमच्यासाठी चहा आणला न्हाई," तो म्हणाला. "येताना थांबा. तवर आणून ठिवतो."

येताना ती थांबली. दोरीच्या आत, साध्या यंत्राच्या अगदी पुढ्यात, एक स्टूल मांडलेलं होतं.

"आजपासनं हितं बसायचं. लांबनं बघून मानंला रग लागती."

"मग दोरी कशाला बांधलीत?"

"लोकांसाठी."

रंगीत यंत्रावर त्यानं पोतं टाकलं होतं. साध्याची एक कळ तिच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली, आणि चेंडू सुरू झाला. टक्... तिच्याकडं. टक्... त्याच्याकडं. जवळून तो नीट सापडत होता, कडा तेवढ्या अजून विरघळलेल्या. तिनं पहिल्यांदा चेंडू अडवला, तेव्हा तिच्या तोंडून बारीकसं "अगबाई" निघालं. सोमलिंगानं त्यानंतर एकही चेंडू अडवला नाही.

"मुद्दाम हरताय तुम्ही."

"मी? छे."

"माझा खोटं न बोलायचा नेम आहे. तुमचा नाही वाटतं?"

"माझा एकच नेम हाय. सकाळी तंबू लवकर उघडायचा."

ती पडद्याकडंच बघत राहिली. वर बघायचा धीर नव्हता. तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून त्यानं तिला एकदाही अक्का म्हटलं नव्हतं.

"परवापर्यंत अक्का म्हणत होतात," ती हळूच म्हणाली.

"म्हणत हुतो."

"आणि आता?"

टक्... टक्... चेंडू त्याच्या बाजूनं निघून गेला.

"आता न्हाई म्हणणार," सोमलिंग म्हणाला.

*

मागणी आली ती रीतसर, मल्लप्पाच्या तोंडून, आप्पांच्या दुकानात. आप्पा दुकान तसंच उघडं टाकून घरी आले. सावित्रम्मानं देवापुढं साखर ठेवली.

"आणि ऐक तर," आप्पा म्हणाले, "मल्लप्पा म्हणतो, त्याची बहीण, मुलाची आई राजाबाई, लई चोखंदळ. पण पोरीच्या नजरेची कीर्ती ऐकूनच ती तयार झाली म्हणे. तिला असलीच तेज सून पायजे."

साखरेची वाटी सावित्रम्माच्या हातात तशीच राहिली.

महानंदा परसात गेली. तुळशीपाशी बसली. आनंदानं रडावं की भीतीनं, हे कळेना, म्हणून रडली नाही. जे डोळे तिला नाहीतच, त्या डोळ्यांसाठी तिला मागणी आली होती. सोमलिंगालाही तेच डोळे हवे असतील. नजर लई बारीक हाय, हेच तर त्याचं पहिलं कौतुक. आणि हे तिनं खोटं न बोलता घडवलं होतं. एक शब्द खोटा नाही, आणि सगळं मिळून एवढं मोठं खोटं.

"अव्वा, आता सांगायला हवं."

"विचारलं का कुणी?" सावित्रम्माचा आवाज फाटला. "लग्न होऊ दे. मग चष्मा काय, मी स्वतः करून देते. आधी मोडून नको घेऊ, बाळा. अक्कलकोटचं आठव."

सकाळी ती ठरवून गेली. आज सांगायचं. पण सोमलिंग मामाबरोबर करमाळ्याकडं गेला होता, आणि तंबूला कुलूप लावावं तसा पडदा शिवलेला होता. स्टूल आत असेल, तिच्या मनात आलं. कदाचित आपण त्यावर बसलो ते शेवटचं.

*

बघायला आले ते चार-पाच जण. महानंदा शिऱ्याच्या बश्या घेऊन आतल्या दारातून आली, तेव्हा खोलीच्या त्या टोकाला भिंतीशी बसलेली माणसं तिला नुसती रंगांची गाठोडी दिसली. हिरवं गाठोडं म्हणजे राजाबाई असणार. पांढरं मल्लप्पा. त्याच्या पलीकडं खाकी नाही, निळं काहीतरी. तोच असेल का... ते गाठोडं किंचित हललं, आणि तिनं मान खाली घातली.

राजाबाईनं सुई मागितली नाही. "सुई काय, कुणी बी ओवतं," ती म्हणाली. आवाज कोरडा, पण वाईट नाही. "मल्लप्पा, तुझं ते आण."

मल्लप्पानं टीव्ही आणला होता. आणि रंगीत यंत्रही. स्टुलावर मांडामांड झाली, तारा जोडल्या. आप्पांना मोठी गंमत वाटत होती. शेजारच्या बायका खिडकीशी जमल्या.

"टेंभुर्णीचा एक जण हे यंत्र घ्यायला बसलाय," मल्लप्पा म्हणाला. "पण मी आता पातळ पिवळा कागद लावलाय. बाई, तुमी तितनंच, उंबऱ्यावरनं बघा. आता चेंडू दिसत असंल तर मी यंत्र द्यायचा न्हाई. तुमचा शब्द शेवटचा."

"मामा, राहू द्या की," निळ्या गाठोड्यातून सोमलिंगाचा आवाज आला. "आज कशाला?"

"आजच. सगळ्यांसमोर."

पडदा उजळला. पिवळं पिवळं. सायीवर हळद सांडल्यासारखं. महानंदानं बघितलं. नाही म्हटलं तर सगळे वाहवा करतील. तिची कीर्ती आणखी वाढेल, सुपारी फुटेल, आणि शब्द खराच असेल... सावित्रम्मा दाराआडून तिच्याकडं बघत होती. एवढ्या जवळून तिला अव्वाचे डोळे स्वच्छ दिसले, भरून आलेले.

"मला यातला चेंडू दिसत नाही," महानंदा म्हणाली.

"बघा," मल्लप्पानं हात आपटला. "निळा नको, पिवळा नको..."

"काका, थांबा. मला त्या दुसऱ्या यंत्रातलाही नीट दिसत नव्हता. मला इथून तुमचं तोंडही दिसत नाही. खिडकीत कोण उभं आहे, ते मी सांगू शकत नाही. दोष यंत्राचा आहे का, मला ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांचा आहे, हे ठाऊक आहे. तुम्ही विचारलंत तेवढंच मी सांगितलं, आणि उरलेलं सांगितलं नाही. ते चुकलं."

टीव्हीतून टक्... टक्... येत राहिलं. कुणाला ते बंद करायचं सुचेना.

"म्हंजे," मल्लप्पाच्या आवाजात हळूहळू उजेड आला, "म्हंजे माझं यंत्र चांगलं हाय?"

"मल्लप्पा, गप," राजाबाई म्हणाली.

ती उठली. पदर सारखा केला. "कळवतो," एवढं आप्पांना म्हणाली, आणि निघाली. मागोमाग बाकीचे. कळवतो या शब्दाचा अर्थ त्या घरात सगळ्यांना पाठ होता. आप्पा उंबऱ्यात उभेच राहिले. सावित्रम्मा रागावली नाही. तिनं महानंदाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन चुलीशी बसली.

खोलीत तारा आवरायला सोमलिंग मागं राहिला होता. महानंदाला ते तो जवळ आल्यावरच कळलं.

"तुम्हालाही फसवलं मी," ती जमिनीकडं बघत म्हणाली.

"मला? न्हाई."

"नजर बारीक म्हणालात तुम्ही. मी गप्प बसले."

सोमलिंगानं तारेचं भेंडोळं हातावर गुंडाळलं, मग उगाचच सोडलं, मग पुन्हा गुंडाळायला घेतलं. "तुमी माझ्या बाराबंदीशी बोलला हुता. लई चांगलं बोलला हुता. म्या तितंच दारात उभा, ग्लासातला चहा हातावर सांडला तरी कळलं न्हाई. तवाच समजलं, ह्यांना लांबचं दिसत न्हाई."

"तेव्हापासून ठाऊक होतं? मग मामांना का नाही सांगितलंत? त्यांना वाटत राहिलं की यंत्रच..."

"सांगितलं असतं तर मामानं रंगीत यंत्र ठिवलं असतं आन् साधं दिलं असतं." तो थांबला. "रंगीतातलं तुमाला काईच दिसत न्हाई. तुमाला दिसत न्हाई ते चित्र घिऊन म्या काय करू? दाखवू कुणाला?"

खिडकीतल्या बायका गेल्या होत्या. चुलीतल्या धुराचा वास खोलीत येत होता.

"आई रागावली हाय," तो दारातून म्हणाला. "पण तुमच्यावर का माझ्यावर, ते अजून कळलं न्हाई."

*

मग नुसती वाट बघणं. दारात सायकल थांबली, की आप्पा वर्तमानपत्र खाली ठेवायचे. मल्लप्पा दुकानावरून गेला, पण आत आला नाही. महानंदा रोज देवळात जाई, मात्र मैदानाच्या दुसऱ्या अंगानं. नेम मोडायचा नव्हता आणि तंबूसमोरून जायचा धीर नव्हता. देवाकडं तिनं काही मागितलं नाही. मागायचं म्हटलं की शब्दच सापडेनात... हात जोडून नुसती उभी राहायची.

अशीच उभी असताना कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"लांबनं हाक मारून काय उपेग," राजाबाई म्हणाली, "म्हणून जवळ आले."

महानंदा वाकली. राजाबाईनं तिला वर उठवलं नाही, पुरतं पाया पडू दिलं. मग म्हणाली, "त्याला ठाऊक हुतं आन् त्यानं आईला सांगितलं न्हाई. त्याचा राग मला आला हुता. ते मी त्याच्याशी बघून घेईन. तू एवढ्या माणसांत उभी राहून बोललीस. माझ्या लग्नात मला एवढं बोलता आलं नव्हतं." कशाबद्दल, ते तिनं सांगितलं नाही. "पण एक ऐक. सून रस्त्यात समोरनं आली आन् मला न ओळखता गेली, तर लोक म्हणतील भांडण हाय. ते मला चालायचं न्हाई. आधी डोळ्याला चष्मा लाव. मग आमी कपाळाला कुंकू लावाय येतो."

*

गड्डा उठायच्या बेतात होता. पाळण्यांचे सांगाडे खाली यायला लागले होते. महानंदा आप्पांबरोबर होम मैदानावर आली, तेव्हा तिच्या नाकावर काळ्या काड्यांचा चष्मा होता, आणि ती सारखी थांबत होती. देवळाच्या कळसावर कबुतरं बसतात, हे तिला माहीत नव्हतं. तळ्यातल्या पाण्याला सुरकुत्या असतात, हेही.

आप्पा मुद्दामच शेजारच्या दुकानात चादरींचा भाव करत थांबले.

"आता बघा, बाई," मल्लप्पा दोन्ही टीव्ही लावून वाटच बघत होता. "आता तुमचा शब्द खरा. रंगीतात चेंडू दिसतो का?"

महानंदानं दोरीपाशी उभं राहून नीट बघितलं. डोकं इकडं कलवून, तिकडं कलवून. पिवळ्या कागदामागं दोन फिकट काठ्या होत्या. बाकी राखेत राख.

"नाही दिसत, काका," ती अगदी वाईट वाटून म्हणाली.

मल्लप्पानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "खरं सांगायचं तर..." तो दाराकडं जाता जाता पुटपुटला, "मला बी कवा दिसला न्हाई."

तंबूत दोघंच उरली. सोमलिंग साध्या यंत्रापाशी उभा होता.

"आन् ह्यात?"

ती बघत राहिली. मग हसू तिच्या ओठांच्या कडेला आलं. "चौकोनी आहे हो."

"काय?"

"चेंडू. मला इतके दिवस गोल वाटत होता. तुम्ही सांगितलं नाहीत."

"विचारलं न्हाई तुमी." तो जरा घुटमळला. "आणखी काय काय निराळं दिसतंय?"

जवळ असताना तिला कधी वर बघायचा धीर झाला नव्हता, आणि लांबून कधी दिसलं नव्हतं. आता मध्ये दोरी होती, दोघांत पुरेसं अंतर होतं. महानंदानं मान वर केली आणि त्याच्याकडं बघितलं. सावकाश, पोटभर, जसं त्या सकाळी खांबावरच्या बाराबंदीकडं बघितलं होतं तसं.

"हनुवटीवर खळी आहे तुमच्या," ती म्हणाली.

सोमलिंगाचा हात हनुवटीकडं गेला. यंत्रातला चेंडू टक् करून त्याच्या बाजूनं निघून गेला, आणि त्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.